रात्री किनाऱ्यावरून स्कूबा: अंधारात बांध धरून चालायचं

पाचोऱ्याच्या एका ताईंनी स्कूबाबद्दल, म्हणजे पाठीवर हवेचं सिलिंडर घेऊन पाण्याखाली उतरण्याबद्दल, विचारलं आहे: "अंदमानात दिवसाच्या चौदा डाइव्ह झाल्या. अ‍ॅडव्हान्स्ड कोर्सही केला, पण त्यात रात्रीची डाइव्ह घेतली नव्हती. डिसेंबरात मी आणि माझा भाऊ बालीला, तुलांबेनला जाणार आहोत. तिथे बोट न घेता किनाऱ्यावरूनच रात्री पाण्यात उतरतात. आजवर गाइड पुढे आणि आम्ही मागे, एवढंच केलं. रात्री दिशा कशी कळते? भावाशी चुकामूक झाली तर? आणि खरं सांगा, अंधारात काही दिसतं, की नुसती भीती?"

ताई, मी यावल तालुक्यातला. आमच्याकडे ठिबक यायच्या आधीची गोष्ट. शेतीची लाइट रात्रीची असली की वडील दोन वाजता उठून केळीला पाणी द्यायला निघायचे, आणि दहा-अकरा वर्षांचा असल्यापासून मी त्यांच्या मागे. बॅटरीच्या झोतात चार पावलं दिसायची, त्यापुढे काळोख. तरी वडील कधी वाट चुकले नाहीत, कारण ते लांब बघतच नसत. पायाखाली बांध, डाव्या हाताला पाट, पुढे निंबाचं झाड, मग विहिरीचा काठ. मला एकच सांगायचे, बांध सोडू नको. पुढे मी समुद्रात गेलो, आता सतरा वर्षं डाइव्ह शिकवतो आहे, आणि रात्रीच्या डाइव्हचं याहून चांगलं सूत्र मला कुठल्याही कोर्समध्ये मिळालेलं नाही. दिवसा आपण बघून चालतो. रात्री काहीतरी धरून चालावं लागतं. तुमच्या तिन्ही प्रश्नांची उत्तरं त्या धरण्यातच आहेत, मजेच्या प्रश्नाचंसुद्धा.

तेव्हा पहिलं काम म्हणजे समुद्रातला बांध शोधणं, आणि तो दिवसाच शोधायचा. ज्या जागी रात्री उतरणार, तिथेच त्या दिवशी दुपारी एक डाइव्ह करा. ही अट मी कुणालाच सोडत नाही. दुपारी उतरताना मासे कमी बघा आणि जमीन जास्त बघा. वाळू कुठे संपते, प्रवाळ किती मीटरवर सुरू होतं, मोठा खडक कुठे, उतार कुठल्या बाजूला. एक-दोन खुणा अशा निवडा की त्या चार हातांवरूनही ओळखता येतील. वीस मीटरवरून सुंदर दिसणारी कमान रात्री उपयोगाची नाही. तिच्या पायथ्याचा बुरुजासारखा स्पंज, म्हणजे खडकाला चिकटून राहणारा सच्छिद्र समुद्री प्राणी, उपयोगाचा. प्रत्येक खुणेची खोली पाटीवर लिहून ठेवा. स्पंज ८ मीटर, वाळूची जीभ ६ मीटर, असं.

खोली ही रात्रीची सगळ्यात भरवशाची वाट आहे आणि नवे लोक तिलाच विसरतात. किनाऱ्यावरून उतरल्यावर जमीन बहुधा एका बाजूला खाली जाते. तुम्ही १० मीटरची खोली धरून उताराला समांतर पोहत राहिलात, तर ते हुबेहूब बांधावरून चालणं आहे. जाताना उतार डाव्या खांद्याला होता, तर येताना तो उजव्या खांद्याला असला पाहिजे. वाट चुकली असं वाटलं की उतार चढायला लागा, किनारा वरच आहे. बोटीवरून केलेल्या डाइव्हमध्ये ही सोय नसते, म्हणून रात्रीची पहिली डाइव्ह किनाऱ्यावरूनच व्हावी असं माझं मत आहे.

वाळूही बोलते. लाटांमुळे वाळूवर बारीक वळ्या उठतात, नांगरटीच्या तासांसारख्या, आणि उथळ पाण्यात त्या साधारण किनाऱ्याला समांतर असतात. त्या आडव्या छेदत निघालात तर तुम्ही किनाऱ्याकडे तरी जात आहात नाहीतर खोल समुद्राकडे. यातलं नेमकं कुठलं, ते खोली सांगते. लाटेचा हेलकावाही तसाच, किनाऱ्याच्या दिशेने पुढे-मागे होणारा. दोन-तीन साक्षी एकच सांगत असतील तर विश्वास ठेवा. एकटी साक्ष मला पुरत नाही, ती होकायंत्राची असली तरी.

हे मी सोसून शिकलो. शिकाऊ असताना कोकणातल्या एका किनाऱ्यावर रात्री दुसऱ्याची टॉर्च घेऊन उतरलो होतो. तिचं बटण लोहचुंबकाचं होतं, आणि मी टॉर्च नि होकायंत्र एकाच हातात शेजारी-शेजारी धरलं होतं. सुई चुंबकाकडे ओढली गेली. जमीन उजवीकडे चढते आहे हे मला दिसत होतं, खोली कमी होत नव्हती हेही दिसत होतं, पण मी सुईचंच ऐकत राहिलो. वर आलो तेव्हा उतरलो होतो त्या जागेपासून लांब, खडकांसमोर होतो. बरोबरचा मुलगा घाबरला होता. लाटा लहान होत्या म्हणून दोघे धड बाहेर पडलो. तेव्हापासून होकायंत्र डाव्या हातात, टॉर्च उजव्या हातात, दोघांत हातभर अंतर.

तुलांबेनला हे दुप्पट लागू आहे. तिथलं लिबर्टी जहाज १९४२ च्या जानेवारीत जपानी पाणबुडीच्या टॉर्पेडोने निकामी झालं, ओढत आणून किनाऱ्यावर चढवलं गेलं, आणि १९६३ मध्ये अगुंग ज्वालामुखी जागा झाला तेव्हा पाण्यात घसरलं. आज ते किनाऱ्यापासून तीस-चाळीस मीटरवर, किनाऱ्याला समांतर पडलं आहे, वरचा भाग ५ मीटरच्या आसपास आणि खालचा ३० मीटरपर्यंत. सव्वाशे मीटरभर लांबीचं लोखंड ते. त्याच्याजवळ होकायंत्रावर विसंबू नका. होकायंत्र किनाऱ्यापासून जहाजापर्यंत आणि परत येताना वाळूवर वापरा. जहाजाशी पोचलात की जहाजच तुमचा बांध. एका बाजूने खोली धरून जा, त्याच बाजूने परत या. पहिल्या रात्री आत शिरायचं नाही आणि पलीकडच्या खोल बाजूलाही जायचं नाही. तिथली वाळू ज्वालामुखीची, काळी आहे. टॉर्चचा उजेड ती गिळून टाकते आणि पांढऱ्या वाळूच्या अंदमानपेक्षा अंधार जास्त दाट वाटतो. हे आधी माहीत असलं की दचकायला होत नाही.

होकायंत्राचा सराव मात्र इथेच, घरीच करून जा. रात्री हरभऱ्याच्या नाहीतर कुठल्याही मोकळ्या वावरात जा, डोक्यावरून टॉवेल असा घ्या की फक्त हातातलं होकायंत्र दिसेल. समजा ६० अंश धरून चाळीस पावलं चाला, वळून २४० अंशांवर चाळीस पावलं परत या. जिथून निघालात तिथे चप्पल ठेवा. चपलेपासून दोन हातांच्या आत येईपर्यंत करत राहा. परतीचा अंश काढायला १८० मिळवायचे. आकडा मुळातच १८० च्या वर असेल तर वजा करायचे. होकायंत्र आडवं, सपाट, छातीसमोर आणि अंगाच्या मधोमध. ते तिरकं झालं की तबकडी अडकते. चालताना शरीर वळवायचं, मनगट वळवायचं नाही. पहिल्या रात्री बहुतेकांची चूक तिथेच होते. मग पाण्यात पावलांऐवजी लाथा मोजायच्या. उजवा पाय खाली आला की एक. जळगावच्या नाहीतर कुठल्याही तरण तलावात फिन्स, म्हणजे पायात घालायचे रबरी पंखे, घालून २५ मीटरला तुमच्या किती लाथा लागतात ते मोजून ठेवा. तो आकडा समुद्रात फार कामाला येतो.

आता किनारा. परत येताना पाण्यावर डोकं काढलं की किनाऱ्यावर पन्नास दिवे दिसतात आणि सगळे सारखेच वाटतात. म्हणून उतरण्याच्या जागी दोन दिवे लावायचे, एक पाण्याजवळ खाली, दुसरा त्याच्या सरळ मागे आणि उंचावर. दोन्ही एकावर एक दिसले की तुम्ही तुमच्या रेषेवर आहात. खालचा डावीकडे सरकलेला दिसला तर तुम्ही उजवीकडे वाहवला आहात. बंदरात जहाजांना वाट दाखवायला हीच युक्ती वापरतात. दिव्यांचा रंग किंवा उघडझाप वेगळी ठेवा, म्हणजे हॉटेलच्या बल्बशी गल्लत होणार नाही. आणि त्या दिव्यांपाशी एक माणूस हवाच. त्याला वेळ सांगून उतरायचं: सात वाजता उतरतोय, पावणेआठपर्यंत बाहेर येणार, आठ वाजेपर्यंत दिसलो नाही तर अमक्याला हाक मार. त्याचं जेवणखाण, त्याची चटई, सगळं आधी बघा. त्याने जागेवरून उठता कामा नये.

आपण खान्देशातले लोक भरती-ओहोटीत वाढलेले नाही, त्यामुळे तिचा अंदाज आपल्या अंगात नसतो. दिवसात दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी, आणि रोज वेळ साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, म्हणजे पाणी जास्त चढतं आणि जास्त उतरतं; अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती, तेव्हा पाण्याची ओढ कमी. कोकणातले जाणते लोक तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे भरती सहाच्या सुमारास. हा ठोकताळा आपल्या किनाऱ्यापुरता आहे, बालीला तिथलं कोष्टक बघा. उतरताना जो खडक गळ्याइतक्या पाण्यात होता तो चाळीस मिनिटांनी छातीइतक्या पाण्यात असू शकतो, हे मनात असलं म्हणजे झालं. भरतीच्या शेवटी पाणी थबकतं, ती वेळ मला सगळ्यात आवडते.

पाण्यात शिरताना मास्क डोळ्यांवर, रेग्युलेटर, म्हणजे सिलिंडरची हवा देणारी नळी, तोंडात, आणि बीसीडीत, म्हणजे अंगातल्या फुगवता येणाऱ्या जाकिटात, थोडी हवा. तुलांबेनचा किनारा गोल गोट्यांचा आहे, पाय घसरतो. भावाचा खांदा धरा, लाज बाळगू नका. फिन्स कमरेइतक्या पाण्यात घाला. वाळूचा तळ असेल तर पाय उचलून टाकण्यापेक्षा घासत न्या, म्हणजे वाळूत दडलेलं पाखट, शेपटीला विषारी काटा असलेला चपटा मासा, आधीच सरकून जातं. बाहेर येताना गुडघ्याइतकं पाणी होईपर्यंत उभं राहायचं नाही आणि रेग्युलेटर तोंडातून काढायचा नाही. दमलेला माणूस किनारा दिसला की मास्क आधी काढतो, आणि नेमकी तेव्हाच लाट येते.

भावाशी चुकामूक हा तुमचा दुसरा प्रश्न. दोघांच्या मिळून टॉर्च चार हव्यात, प्रत्येकी एक मोठी आणि एक राखीव. शिवाय प्रत्येकाच्या सिलिंडरच्या गळ्याशी एक छोटा दिवा, दोघांचे रंग वेगळे. मोठी टॉर्च विझली की राखीव लावायची आणि डाइव्ह तिथेच संपवून परत फिरायचं. राखीव टॉर्च ही घरी येण्यासाठी असते, डाइव्ह पुढे चालवण्यासाठी नाही.

टॉर्च हीच रात्रीची भाषा. झोत तळावर सावकाश गोल फिरवला म्हणजे ठीक आहे. शांतपणे डावी-उजवीकडे हलवला म्हणजे इकडे बघ. जोरजोरात हलवला म्हणजे अडचण. हाताने खूण करायची तर आपल्याच हातावर उजेड पाडून. समोरच्याच्या डोळ्यांवर झोत कधीही टाकू नये. अंधाराला सरावलेली नजर परत यायला कितीतरी मिनिटं लागतात. मी तर जोडीदाराच्या शेजारी, खांद्याला खांदा लावून पोहायला सांगतो. पुढे-मागे पोहलं की पुढच्याला मागचा दिसत नाही, शेजारी असलं की त्याच्या टॉर्चचा उजेड आपल्या तळावर पडत राहतो.

तरीही हरवलात तर आपली टॉर्च छातीला लावून झाका आणि सावकाश एक पूर्ण गिरकी घ्या. स्वतःचा उजेड झाकल्याशिवाय दुसऱ्याचा दिसत नाही. मिनिटभर शोधा, त्याहून जास्त नाही. मग मिनिटाला ९ मीटरपेक्षा हळू वर या, आणि भावाचंही हेच ठरलेलं असलं पाहिजे. दोघे वर भेटता. टाकीवर ठोकून दिशा कळेल या आशेवर राहू नका. पाण्यात आवाज हवेच्या चौपटीहून वेगाने जातो, त्यामुळे तो कुठून आला हे कानांना कळत नाही. हाक म्हणून ठीक, दिशा म्हणून नाही. वर आल्यावर शिट्टी, आणि टॉर्च आकाशाकडे नको, स्वतःच्या अंगावर किंवा फुगवलेल्या सिग्नल ट्यूबवर, म्हणजे पाण्यावर उभ्या राहणाऱ्या खुणेच्या लांब फुग्यावर, धरा. उजळलेला माणूस किनाऱ्यावरून लगेच दिसतो.

हवेचा हिशोब दिवसापेक्षा कडक. सिलिंडरमध्ये २०० बार (बार हे हवेच्या दाबाचं माप) घेऊन निघालात तर एक तृतीयांश संपली, म्हणजे १३० च्या आसपास आलात, की पाठ फिरवायची. पहिल्या रात्री १२ मीटरच्या खाली जाऊ नका. परतून ५-६ मीटरच्या उथळ पाण्यात आलात की उरलेला वेळ तिथेच घालवा. सेफ्टी स्टॉपची, म्हणजे वर येण्याआधी अंगातला नायट्रोजन निघावा म्हणून थांबायची, ३ मिनिटंही तिथेच होतात, दोरीला लटकून नाही तर प्रवाळ बघत. थंडीही धरा. पाणी अंगातली ऊब हवेपेक्षा कितीतरी पट वेगाने ओढून घेतं, आणि रात्री बाहेर आल्यावर ऊन नसतं. ३ मिलिमीटरचा पूर्ण वेटसूट, किनाऱ्यावर कोरडा टॉवेल आणि गरम चहा ठेवा.

भीतीबद्दल. ती पहिल्या पाच मिनिटांत येते, माझ्या बहुतेक विद्यार्थ्यांना आली आहे. म्हणून उतरल्याबरोबर पोहत सुटायचं नाही. ४-५ मीटरवर रिकाम्या वाळूवर दोघांनी गुडघे टेकून बसायचं, टॉर्च खाली, आणि वीस श्वास मोजायचे. सावकाश, सोडताना जास्त लांब. या वेळात डोळे सरावतात, कानांतला दडा सुटतो, आणि काळोख पुढून चालून येत नाही हे शरीराला पटतं. गरगरल्यासारखं झालं, वर-खाली कळेना, तर जमीन नाहीतर खडक धरा आणि बुडबुडे बघा, ते वरच जातात. वीस श्वासांनंतरही मन नको म्हणत असेल तर बाहेर या. मी तीन वेळा विद्यार्थ्यांना असं अर्ध्या वाटेतून परत आणलं आहे, आणि तिघेही नंतर आनंदाने रात्री उतरले. सूर्य मावळता-मावळता उतरणं हाही चांगला उपाय. बालीत डिसेंबरात साडेसहाच्या सुमाराला सूर्य जातो आणि संधिप्रकाश फार थोडा वेळ टिकतो. उजेडात उतरून पाण्यातच अंधार होऊ द्यायचा. शिवाय त्या वेळी दिवसाचे मासे कपारी शोधत असतात आणि रात्रीचे बाहेर पडत असतात, त्यांची ती अदलाबदल बघायला मिळते.

आता जे सांगायला मी ही उत्तरं लिहितो, ते. अंधारात काही दिसतं का? ताई, दिवसापेक्षा जास्त रंग दिसतात. दिवसा सूर्याचा उजेड पाण्याच्या थरांतून खाली येताना त्यातला तांबडा आधी शोषला जातो, म्हणून १० मीटरवर सगळं निळं-राखाडी वाटतं. रात्री उजेड तुमच्या हातात, दोन हातांवर असतो. तांबडा शोषला जाण्याआधीच तो परत डोळ्यांत येतो. दुपारी मळकट दिसलेला खडक रात्री कुंकवासारखा, हळदीसारखा निघतो. प्रवाळाचे दिवसा मिटलेले बारीक हात रात्री उघडतात आणि पाण्यातले सूक्ष्म जीव पकडतात. सगळा खडक केसाळ झाल्यासारखा दिसतो. कपारीत टॉर्च फिरवली की ठिपक्या-ठिपक्यांनी तांबडे दिवे चमकतात, ते कोळंब्यांचे डोळे. काही जातींचे पोपटमासे तोंडातून चिकट द्रव सोडून स्वतःभोवती पारदर्शक पिशवी विणतात आणि तिच्यात झोपतात; रक्त पिणाऱ्या बारीक किड्यांपासून ती त्यांना वाचवते. लिबर्टीवर डोक्यावर टेंगूळ असलेले मोठे पोपटमासेही रात्री मुक्कामाला येतात. झोपलेल्या माशावर झोत रोखू नका. तो बिचकून पळाला तर अंधारात खडकावर आपटतो.

आणि लायन फिश. तो तुमच्या झोताच्या कडेने चालायला लागतो, कारण तुमच्या उजेडात त्याला भक्ष्य सापडतं. बघायला थरारक असतं, पण मी टॉर्च वळवून घेतो. छोट्या माशाला अंधाराचा आडोसा होता, तो आपण काढून घेतलेला असतो. त्याच्या काट्यांत विष आहे, तेव्हा हाताला कुठेही न टेकता पोहा. शंखही उचलायचे नाहीत. कोन जातीच्या शंखातला प्राणी रात्री शिकारीला निघतो आणि त्याचा डंख माणसाचा जीव घेऊ शकतो.

मजा येण्याचं माझं गुपित सांगतो. एक खडक निवडा, बैलगाडीएवढा, आणि त्याच्यापाशी दहा मिनिटं थांबा. नवा माणूस रात्री फिरत राहतो आणि बाहेर येऊन सांगतो की काही विशेष दिसलं नाही. थांबलेल्याला पहिल्या मिनिटात दगड दिसतो, तिसऱ्यात त्या दगडावरचा खेकडा, सातव्यात कळतं की खेकड्याशेजारी ज्याला आपण दगड समजलो तो ऑक्टोपस आहे आणि तो आपल्याकडेच बघतो आहे. फिरायचं कमी म्हणजे वाट चुकायची भीतीही कमी, हवाही कमी लागते.

मग शेवटी, उथळ वाळूवर दोघांनी हात धरून टॉर्च छातीला लावून झाकायची. विझवायची नाही, झाकायची. अर्ध्या मिनिटाने मोकळा हात पाण्यात फिरवा. बोटांतून निळसर ठिणग्या उडतात. एकपेशीय जीव आहेत ते, पाणी ढवळलं की चमकतात. चांदणं नसलेल्या रात्री जास्त दिसतात, म्हणून तारखा ठरवताना अमावास्येच्या मागचे-पुढचे दिवस बघा, मात्र तेव्हा उधाण असतं हेही लक्षात घ्या. मृगाच्या आधी बांधावरच्या झाडावर काजवे लागलेले तुम्ही पाहिले असतील. ते झाड आपण आतून बघतो आहोत, असं मला दरवेळी वाटतं.

परतीचं राहिलं. एका दिवसात दोन-तीन डाइव्ह केल्या असतील तर विमानात बसण्याआधी किमान १८ तास जाऊ द्या. तुमची शेवटची रात्रीची डाइव्ह निघण्याच्या आदल्या रात्री नको, त्याच्याही आदल्या रात्री ठेवा. पुढे कधी मालवण-तारकर्लीला डाइव्ह करून गाडीने घरी निघालात तरी हाच विचार करा, कारण आंबोली चढली की आपण ७०० मीटरच्या जवळपास जातो, आणि अंगात साठलेल्या नायट्रोजनच्या दृष्टीने घाट काय नि विमान काय. ती रात्र किनाऱ्यावरच काढा आणि दुसऱ्या दिवशी दुपारनंतर घाटाला लागा. बालीहून मुंबईत उतरल्यावर मात्र काळजी नाही, तोवर वेळ भरलेला असतो. कसाऱ्याने या नाहीतर सुरत-नंदुरबारकडून.